धाकट्या पातीतलं घुंगरू

देवासला तेव्हा एका रस्त्याला दोन राजे होते. रस्त्याच्या अलीकडे थोरली पाती, पलीकडे धाकटी पाती. दोघांचे दरबार वेगळे, शिपाई वेगळे, सणाच्या सुट्ट्यासुद्धा वेगळ्या. अलीकडच्या झाडूवाल्यानं आपली बाजू झाडून कचरा पलीकडे लोटावा आणि पलीकडच्यानं तोच कचरा संध्याकाळी परत पाठवावा, असा एकंदर कारभार. मी धारेहून आलेली. मला आधी हसू यायचं. मग सवय झाली.

थोरल्या पातीत मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून आले तेव्हा मला बाविसावं लागलं होतं आणि कडेवर सात महिन्यांची लेक होती. नवरा धारेच्या दरबारात कारकून. तापानं तीन दिवसांत गेला. मला लिहायला वाचायला त्यानंच शिकवलं होतं, घरातल्यांच्या चोरून. त्या चोरीवरच पुढं माझं पोट भरलं.

धाकटे दीर वाईट नव्हते. पण शब्दाचे पक्के, म्हणजे माझ्या दृष्टीनं अडेलतट्टूच. निघताना म्हणाले, "वहिनी, एक वर्ष देतो. पोरीची आबाळ होते असं माझ्या कानावर आलं, की पोर मी धारेला घेऊन येणार. तुम्ही मग खुशाल शाळा शिकवा." मागं दाराआड जाऊबाई उभ्या होत्या. त्यांना मूल नव्हतं. माझ्या लेकीकडं त्या अशा बघत होत्या की मला त्यांचा रागही येईना आणि तिथं उभंही राहवेना.

म्हणजे नोकरी करायची ती लेक जवळ राहावी म्हणून, आणि नोकरी करताना लेक ठेवायची कुठं, हाच घोर.

देवासला नवऱ्याची एक लांबची आत्या होती. घरचंच माणूस, म्हटलं, याहून बरं काय? पहिल्या दिवशी मधल्या सुट्टीत धावत त्यांच्याकडं गेले तर लेक फरशीवर पडून टाहो फोडतेय आणि आत्या हातभर अंतरावर पाटावर बसून जपमाळ ओढतायत. "आत्या, अहो घ्या की तिला!" तर म्हणाल्या, "मी सोवळ्यात आहे गं. ती मेली ओली झालीय. बारा वाजले की घेते हो!" आणि पोरीकडं वळून अगदी मायेनं, "रडू नको गं बाळा, बारा वाजतीलच आता." मी पोर उचलली आणि घरी आले. आत्यांना अजूनही माझं काय बिनसलं ते कळलं नसेल.

मग कुणी सांगितलं, गावाबाहेर अफूच्या शेतात एक माळवी बाई कामाला जाते, ती पोरं सांभाळते. फाल्गुन चालू होता. मी रविवारी बघायला गेले. त्या शेताइतकं सुंदर मी आयुष्यात काही पाहिलं नाही. लांबवर नुसती पांढरी फुलं, वारा आला की सगळी एका बाजूला झुकायची. फुलं गळालेल्या बोंडांना बायका चिरा देत होत्या. बांधावर आंब्याच्या सावलीत सहा-सात पोरं निजलेली. एक रडत नव्हतं. माशी बसली तरी कुणी हात हलवत नव्हतं. "रोवे नी बई, दनभर सोवे," ती बाई कौतुकानं म्हणाली, आणि चीक लागलेलं बोट एका पोराच्या ओठांवरून फिरवलं, आपण लोणी चाटवतो तसं. तिथून मी जी निघाले ती मागं वळून पाहिलं नाही.

शेवटी जीजी भेटली ती अगदी समोर. शाळेच्या खिडकीतून दिसायचं तिचं अंगण, रस्ता ओलांडला की धाकट्या पातीत. तिचा नवरा पागेत मोतद्दार होता, घोड्यांची निगा राखायचा. तिच्याकडं कोठीत दळणाऱ्या, माती वाहणाऱ्या बायकांची सहा पोरं असायची, आणि ती त्यांना वाढवायची पागेच्या रीतीनं. जुन्या लुगड्याची लांब पट्टी पोराच्या कमरेला, दुसरं टोक कडुलिंबाच्या बुंध्याला. शिंगरू बांधतात तसं. शिवाय घोड्यांच्या जुन्या माळांतलं एकेक घुंगरू प्रत्येकाच्या पायात. एकाचा आवाज दुसऱ्यासारखा नाही. चुलीपुढं पाठमोरी बसून ती ओरडायची, "ए टिल्लू, माती खाऊ नको!" आणि टिल्लू खरंच माती खात असायचा.

मला म्हणाली, "बामनाची पोर हाय. माझ्या घरचं पानी चालंल का?"

मी म्हटलं, "ती दूध पिते. पाणी प्यायच्या वयाची झाली की तिचं ती ठरवेल."

जीजी हसली. भाकरीपुरतं रोजचं पीठ आणि दिवाळीला लुगडं, एवढ्यावर ठरलं. दिरांची वर्षाची अटही मी तिला सांगून ठेवली. माझ्या लेकीच्या पायात तिनं बारीक आवाजाचं घुंगरू बांधलं, सातवं.

ते दोन महिने आठवले की मला वाटतं मी जागी नव्हतेच. चैत्रातलं ऊन, खिडकीत उभ्या टेकडीवर देवीच्या देवळाचा झेंडा, वर्गात मुलींचे पाढे एका सुरात चाललेले, आणि त्या सुराखालून रस्त्यापलीकडचं ते घुंगरू. लेक रांगली की घाईघाईनं वाजायचं, थांबली की गप्प. बे चोक आठ, छुन छुन, बे पंचे दहा, छुन. मी फळ्यावर लिहीत असायचे आणि माझं अर्धं अंग पलीकडच्या अंगणात असायचं. उन्हात सगळं पांढरं होऊन जायचं, रस्ता, भिंती, मुलींच्या पाट्या. असं वाटायचं की घर, शाळा, लेक सगळं एकाच मोठ्या पाळण्यात आहे आणि कुणीतरी हळूहळू झोका देतंय. मी सुखी होते. विधवेनं असं म्हणू नये म्हणतात. म्हणोत.

मग लेकीला दात यायला लागले. रात्र रात्र किरकिर. मी शाळेत उभ्या उभ्या पेंगायला लागले. एकदा सहाचा पाढा आठवरून सरळ तीनावर आणला आणि मुलींनी तो तसाच माझ्यामागून म्हटला! शेवटी आईनं दिलेली गुटीची पिशवी काढली. हिरडा, वेखंड, मुरुडशेंग, हळकुंड, जायफळ, सगळं सहाणेवर दुधात उगाळायचं. कशाचे किती वेढे ते ठरलेलं. आईनं बजावून सांगितलं होतं, जायफळाचा एकच वेढा, तोही हलक्या हातानं. पहिल्या दिवशी एकच घातला. लेक शांत झाली. मग सकाळीही देऊ लागले, म्हटलं जीजीला त्रास नको. एकाचे दोन झाले, दोनाचे तीन. आजीपणजीपासून चालत आलेलं औषध, त्यात भ्यायचं काय?

आमची शेजारीण धारेचीच. तिच्या माहेरचं माणूस दर आठवड्याला ये-जा करायचं. एक दिवस ती म्हणाली, "तुमची पोर हल्ली फार झोपाळू दिसते हो. जपा बाई. हा माळवा आहे, इथं बोटाबोटावर अफू. ती मोतद्दारीण काय चाटवते, देव जाणे."

तिनं मला सांगितलं म्हणजे धारेला सांगायला कितीसा वेळ?

दुसऱ्या दिवशी दुपारी वर्गात होते. घुंगरू वाजत होतं. छुन, छुन, छुन. आणि एकदम माझ्या लक्षात आलं की हे फार तालात वाजतंय. रांगणारं पोर असं तालात रांगत नाही. मुलींना कित्ता गिरवायला सांगितला आणि रस्ता ओलांडला. जीजी कडुलिंबाखाली बसलेली. लेक मांडीवर, मान टाकलेली, डोळे अर्धे मिटलेले. आणि जीजी आपल्या हातानं तिचा पाय धरून घुंगरू हलवतेय!

"मला ऐकू यावं म्हणून वाजवतेस होय गं?" मी ओरडले. "मला वाटावं पोर खेळतेय, आणि तू इकडं तिला अफू चाटवून निजवतेस?"

पोरांना दुपारचं पाजायला आलेल्या तीन-चार बाया तिथंच होत्या. सगळ्यांनी आपापली पोरं छातीशी धरली. मला ते हवंच होतं. खोटं का बोलू? धारेला बातमी जायचीच असेल तर अशी जाऊ दे, की मास्तरणीनं स्वतः चोरी पकडली. मी खूप बोलले. माझी जीभ म्हणजे कात्री. आज त्यातला एकेक शब्द आठवतो आणि कानशिलं तापतात.

जीजी उठली. तिनं एकदा त्या बायांकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग एवढंच म्हणाली, "मूल ज्याचं त्याचं. न्या बाई. पन आज तिला उन्ह उतरंस्तोवर निजू देऊ नका."

मी घुंगरू सोडलं, तिच्यापुढं टाकलं आणि लेकीला घेऊन आले.

चार दिवसांवर परीक्षा होती. शिक्षणखात्याचे डेप्युटी येणार होते. आमच्या शाळेच्या मोठ्या बाईंनी मला सामानाच्या खोलीत पोर ठेवायची परवानगी दिली, पण नाखुशीनं. "परीक्षेच्या दिवशी पोरीचा आवाज आला तर डेप्युटी लिहून जातील, की शाळा आहे का पाळणाघर. मग तुमची जागा राहिली तर नशीब." मी म्हटलं, नाही येणार आवाज.

त्या सकाळी सहाणेवर जायफळ धरलं आणि उगाळत राहिले. वेढे मोजले नाहीत. मनात डेप्युटींचे प्रश्न चालले होते. नद्यांची नावं, इंदूरहून धारेची वाट. हात आपला फिरत होता.

डेप्युटी आले, खुर्चीत बसले. मुलींनी स्वागताची पदं म्हटली. सामानाच्या खोलीतून हूं की चूं नाही. मी मनात म्हणत होते, शहाणी गं माझी बाय. पहिला वर्ग झाला तेव्हा पाणी प्यायच्या मिषानं आत गेले आणि तिला पाजायला घेतली. ती घेईना. गालाला चिमटा घेतला. पायाच्या तळव्याला घेतला. डोळे किंचित उघडे, पण त्यांत ती नव्हती. ओठ कोरडे. श्वास इतका हळू की मी माझा धरून ठेवला तेव्हा कुठं तिचा लागला.

बाहेरून मोठ्या बाईंची हाक आली, "मास्तरीणबाई, तुमचा वर्ग!" मी लेकीला उचललं आणि डेप्युटींच्या समोरून, टेबलाला घासून बाहेर पडले. कुणीतरी "अहो, अहो!" म्हणालं. थोरल्या पातीत वैद्य होता, दोन गल्ल्या टाकून. पण माझे पाय रस्ता ओलांडून पलीकडंच गेले. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

अंगण रिकामं होतं. कडुलिंबाला एक पट्टी बांधलेली नव्हती. खुंटीवर सात घुंगरं एका दोऱ्यात ओवून टांगलेली. जीजी एकटी उंबऱ्यावर बसून होती. मला पाहिलं तशी उठली, लेक माझ्याकडून घेतली आणि आधी तिच्या तोंडाचा वास घेतला.

"आज किती येढे?"

मला काही उमजेना. "कसले वेढे?"

"जायफळाचे, बाई! किती उगाळलंसा आज?"

मी खाली बसले.

तिनं मला रडू दिलं नाही. "पानी आना! गार आना, रांजनातलं!" तिनं लेकीला खांद्यावर उभी धरली आणि चालायला लागली. चुलीपासून कडुलिंबापर्यंत, कडुलिंबापासून चुलीपर्यंत. घोड्याला पोटशूळ उठला की त्याला आडवं होऊ देत नाहीत, आडवं झालं की गेलं, म्हणून मोतद्दार रात्रभर त्याला फिरवत राहतात. तसं ती चालत राहिली. मी गार पाण्याचा बोळा लेकीच्या कपाळाला, डोळ्यांना, पायांना लावत होते. खुंटीवरची सगळी माळ काढून जीजीनं माझ्या हातात दिली. "वाजवा. कानाशी वाजवा. थांबू नका."

किती वेळ गेला माहीत नाही. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं. सात घुंगरांचा आवाज, जीजीची पावलं, तिच्या खांद्यावरून लोंबणारे ते दोन छोटे पाय. मला वाटायला लागलं की आम्ही असंच चालत कुठंतरी पांढऱ्या फुलांच्या शेतात शिरतोय, आणि थांबलो की संपलं. मी देवीला काय काय कबूल केलं! आणि मग लेकीनं तोंड वाकडं केलं. आधी नुसतं वाकडं. मग ती रडली. असं रडली, असं रडली की थोरल्या पातीतही ऐकू गेलं असेल. आयुष्यात मी त्याहून गोड काही ऐकलं नाही.

तिनं दूध घेतल्यावर मी विचारलं, "तुला पहिल्यापासून कळलं होतं?"

"रोज सकाळी तिच्या तोंडाला वास यायचा. म्हनून तर जागं ठेवायची दिवसभर. घुंगरू हालवून हालवून हात मोडला माझा."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुमच्या घरची गुटी. मी चूक काढली असती तर तुमी रागानं पोर घेऊन गेला असता. घरी तिला जागं कोन ठेवनार हुतं?"

खरंच होतं. अगदी तसंच केलं असतं मी. "आणि त्या दिवशी? एवढं अफूचं बालंट घेतलंस, त्या बायांसमोर तरी बोलायचंस!"

जीजी लेकीच्या पायाला हात लावून बसली होती. म्हणाली, "त्यांच्यासमोर बोलले असते तर आठ दिसांत धारेला कळलं असतं, की आईच पोरीला निजवती. दिरानं पोर ठेवली असती का तुमच्याकडं? माझी तर सहाच पोरं गेली, बाई. ती लोकांची हुती."

मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. ती "अगं अगं, बामनाची तू!" म्हणत मागं सरकली. सरकू दे. मी ठेवलंच.

पोर माझी, चूक माझी, आणि शिक्षा तिला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. आता ते नीट करायचं तर एकच वाट होती, आणि तिचं दुसरं टोक सरळ धारेला जात होतं. रात्रभर लेकीचा श्वास मोजत बसले. सकाळी घागर घेऊन विहिरीवर गेले. शेजारीण होती, कोठीतल्या बाया होत्या. मी मोठ्यानं सांगितलं. अफू नव्हती, जायफळ होतं. जीजीनं नाही, मी दिलं. जीजीनं वाचवली. शेजारणीच्या हातातला दोर तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी टिल्लूची आई टिल्लूला घेऊन जीजीकडं गेली, मग बाकीच्या. शाळेतून लेखी ताकीद आली, जागा राहिली. डेप्युटींना स्वतःला पाच लेकरं होती म्हणे.

आठव्या दिवशी दीर आले. पाहुणे येतात तसे नाहीत, टांगा बाहेर उभा ठेवून. लेकीची दुपटी मी आधीच घडी घालून ठेवली होती. लेक जमिनीवर रांगत होती, जीजीनं पुन्हा बांधलेलं घुंगरू छुन छुन वाजत होतं. दीर बराच वेळ तिच्याकडं बघत राहिले.

"वहिनी, हे विहिरीवर जाऊन सांगायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं? गप्प बसला असता तर मला कळलंही नसतं."

"त्या बाईचं अंगण रिकामं झालं होतं, भावजी."

ते उठून फडताळाशी गेले, गुटीची पिशवी काढली, चाचपून चाचपून जायफळ बाहेर काढलं आणि कोटाच्या खिशात टाकलं. लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला. "पोरीला तिच्याकडंच ठेवत जा," म्हणाले, आणि टांग्यात एकटे बसले. मी दुपट्यांची घडी मोडली आणि तिथंच बसून पोटभर रडले.

आता लेकीलाच नातवंडं आहेत. जीजी जाऊनही बरीच वर्षं झाली. मला हल्ली दुपारी झोप लागते, उन्हानं भिंत पांढरी झाली की. त्या गुंगीत रस्त्यापलीकडून घुंगरू वाजायला लागतं, तालात. पूर्वी वाटायचं, लेक खेळतेय, निजावं अजून थोडं. आता तसं वाटत नाही. जीजी हात दुखेपर्यंत ते कशासाठी हलवत होती, ते मला ठाऊक आहे. मी उठून बसते.